महाराष्ट्राचा रणजी संघ: धावांचे डोंगर आणि दोनच करंडक

रणजी या देशांतर्गत क्रिकेट स्पर्धेत ‘महाराष्ट्र’ नावाने उतरणारा संघ अख्ख्या महाराष्ट्राचा नाही. मुंबई आणि तिच्या लगतचा पट्टा मुंबई संघाकडे, नागपूर-अमरावतीचा मुलूख विदर्भाकडे आणि उरलेले पुणे, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, मराठवाडा वगैरे या संघाकडे. राज्य झाले १९६० साली, संघ मात्र रणजीच्या पहिल्याच, १९३४-३५च्या हंगामापासून खेळतो आहे. त्यामुळे क्रिकेटची ही वाटणी राज्याच्या नकाशाशी जुळत नाही.

संघाचे मूळ पुण्यात. पूना यंग क्रिकेटर्स हिंदू जिमखाना म्हणजे पीवायसी १९०० सालचा, डेक्कन जिमखाना १९०६चा. त्याच्याही आधी गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करणाऱ्या पळवणकर बाळूने साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता आपली डावखुरी फिरकी घडवली होती. पुण्याचा पहिला मोठा क्रिकेटपटू गोलंदाज होता, ही गोष्ट पुढचे सगळे वाचताना लक्षात ठेवावी.

महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ. दोन्ही वेळा कर्णधार होते प्रा. दिनकर बळवंत देवधर, एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणारे. १९२६ साली इंग्लंडहून आलेल्या गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा केल्या होत्या. पण भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा ते चाळिशीत पोहोचले होते आणि कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. ती कसर त्यांनी रणजीत भरून काढली. पहिल्या विजेतेपदाच्या हंगामात सांगलीच्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले हे पहिले त्रिशतक. हजारे नंतर बडोद्याकडेच गेले. संस्थानिकांच्या पदरी नोकरी मिळे आणि खेळायलाही मिळे, त्या ओढीपुढे पुण्याचे काय चालणार?

दुसऱ्या हंगामातला मुंबईविरुद्धचा सामना या संघाचा स्वभाव सांगतो. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, त्यात ४८ वर्षांच्या देवधरांच्या २४६. उत्तरादाखल मुंबईने ६५० काढल्या. सामना पुरा झाला नाही तर पहिल्या डावाच्या आघाडीवर निकाल, असा रणजीचा नियम. पंचवीस धावांनी महाराष्ट्र पुढे गेला आणि अंतिम सामन्यात मद्रासला हरवून करंडक घेऊन आला. डोंगर रचावा, समोरच्याला दमवावे, आघाडी घेऊन पुढे सरकावे, हा हिशेब तेव्हा जमला. माझ्या मते संघाला लागलेली खोडही तीच.

१९४८-४९च्या हंगामात तिचे टोक दिसले. डिसेंबरात पुण्यात काठियावाडचा संघ २३८ धावांत संपला. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला उतरले. के. व्ही. भांडारकरांबरोबर त्यांनी दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या. तिसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या तेव्हा निंबाळकर ४४३वर नाबाद होते. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा त्या वेळचा ४५२चा विश्वविक्रम मोडायला अवघ्या दहा धावा हव्या होत्या. पण विश्रांतीच्या वेळी काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे संस्थानिक ठाकोरसाहेब, अडून बसले: डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. आणि निघालेच! आपल्या संघाचे नाव असल्या विक्रमाला चिकटायला नको, एवढीच त्यांची चिंता. प्रथम श्रेणीत, म्हणजे रणजीसारख्या अनेक दिवसांच्या सामन्यांत, भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे. निंबाळकरांना एकही कसोटी मिळाली नाही.

त्याच हंगामात उपांत्य सामन्यासाठी मुंबईचा संघ पुण्यात आला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा आणि नऊ शतके. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात कुठेच झालेल्या नाहीत. चौथ्या डावात ६०४ करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी हरला. अशा पाटा, फलंदाजाला सोप्या खेळपट्ट्यांवर फलंदाज तयार होतात, सामना जिंकायला लागणारे वीस बळी घेणारे गोलंदाज कुठून व्हायचे? अपवाद होते. सदू शिंदेंनी १९५१ साली दिल्ली कसोटीत इंग्लंडचे सहा बळी घेतले. पण तेही मुंबई-बडोद्याकडून खेळून आले आणि १९५५ साली अकालीच गेले.

पुढची कथा उपविजेतेपदांची. १९७०-७१ साली गावसकर, वाडेकर, सरदेसाई, सोलकर वेस्ट इंडीजमध्ये होते. मुंबई एवढी दुबळी पुन्हा कधी सापडणार होती? तरीही सुधीर नाईकच्या त्या संघाने अंतिम सामना मारला. १९९२-९३ साली पंजाबने हरवले. सुरेंद्र भावे आणि शंतनू सुगवेकर यांचा हा काळ. सुगवेकरच्या नावावर मध्य प्रदेशविरुद्धची नाबाद २९९ आहे, एका धावेने हुकलेले त्रिशतक. प्रथम श्रेणीत साठच्या आसपासची सरासरी राखूनही दोघांपैकी एकालाही भारताची टोपी मिळाली नाही. हृषीकेश कानिटकर भारताकडून खेळला, पण कर्णधार म्हणून रणजी करंडक उचलला तो राजस्थानसाठी, लागोपाठ दोनदा.

२०१३-१४चा हंगाम खरोखर वेगळा होता. समद फल्लाह आणि इतर मध्यमगती गोलंदाजांना लय सापडली होती, केदार जाधवने बाराशेवर धावा केल्या आणि वानखेडेवर मुंबईला दुसऱ्या डावात १२९ धावांत गुंडाळून महाराष्ट्राने बाद फेरीत तिला घरी पाठवले. पुण्यात त्या विजयाचे कौतुक करंडकाएवढेच झाले असेल. अंतिम फेरीत कर्नाटक भारी पडले.

आणि मग पुन्हा डोंगर. २०१६ साली दिल्लीविरुद्ध स्वप्निल गुगळे नाबाद ३५१, अंकित बावणे नाबाद २५८, अभेद्य भागीदारी ५९४. हजारे आणि गुल महंमद यांचा रणजीतला १९४७चा ५७७च्या भागीदारीचा विक्रम त्यांनी मागे टाकला. उत्तरात ऋषभ पंतने ३०८ ठोकल्या आणि सामना अनिर्णित राहिला.

शेजारच्या विदर्भाने याच काळात तीनदा करंडक जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. पहिल्या वेळी अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीची हॅटट्रिक होती, तिसऱ्या वेळी हर्ष दुबेचे हंगामातले विक्रमी ६९ बळी. २०२५ साली पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला तेव्हा बातम्या सगळ्या त्याच्याच झाल्या. त्याच वेळी जलज सक्सेनाही आला, रणजीत सहा हजारांवर धावा करून चारशेवर बळी घेणारा ऑफस्पिनर. या संघाची गरज पाहिली तर मोठी बातमी जलजची होती.