दात न तासता बसवायचे व्हिनियर : पार्श्वभूमी

व्हिनियर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचे पातळ कवच. दात न तासता बसवायच्या व्हिनियरची जाहिरात हल्ली नवे तंत्रज्ञान म्हणून केली जाते. खरे तर पोर्सेलिनचे, कायमचे चिकटवलेले सुरुवातीचे व्हिनियर बहुतांशी न तासलेल्या दातांवरच बसवले गेले होते. तासण्याची पद्धत मागाहून आली. ती का आली आणि इतकी पक्की का झाली, हे कळले की दात तासावा की नाही, हा आजचा वाद नीट समजतो.

त्याआधीचे थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हॉलिवूडमधल्या एका दंतवैद्याने नटनट्यांसाठी दातांवर बसणारी पातळ कवचे बनवली. ती कवळीच्या पावडरने तात्पुरती चिकटवायची आणि शूटिंग संपले की काढून ठेवायची. दाताला धक्का लागत नसे, पण ती कवचे लावून जेवता येत नसे. दाताला घट्ट धरेल असे काही तोवर हाताशी नव्हते. 1955 मध्ये 85 टक्के फॉस्फोरिक ॲसिड 30 सेकंद लावले तर इनॅमलचा, म्हणजे दाताच्या टणक बाहेरच्या थराचा, पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि त्यावर रेझिन (घट्ट होणारे प्लास्टिकसारखे द्रव्य) चांगले धरते, असे प्रसिद्ध झाले. 1960 च्या दशकात दातात भरायच्या आजच्या कॉम्पोझिटचे मूळ रेझिन आले. 1970 च्या दशकात तयार प्लास्टिकची कवचे दातांवर चिकटवून पाहिली गेली. त्यांचा रंग उतरे, कडा सुटत.

खरी कलाटणी 1983 च्या सुमारास मिळाली. पोर्सेलिनच्या आतल्या बाजूला हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावले, वर सायलेनचा (जोड घट्ट करणाऱ्या रसायनाचा) थर दिला, की रेझिन पोर्सेलिनलाही धरते, हे अमेरिकेत दाखवले गेले. एका बाजूला ॲसिड लावलेले इनॅमल, दुसऱ्या बाजूला ॲसिड लावलेले पोर्सेलिन आणि मध्ये रेझिन. हातात असताना बोटाच्या दाबानेही तडकणारा पोर्सेलिनचा पापुद्रा इनॅमलला एकदा चिकटला की वर्षानुवर्षे टिकतो, तो या जोडामुळे. या पद्धतीचा जोर इनॅमल शाबूत ठेवण्यावर होता, कारण सगळी पकड इनॅमलच्या भरवशावर होती.

मग पाच-सात वर्षांतच दात तासायला सुरुवात का झाली?

त्या काळच्या प्रयोगशाळांत पोर्सेलिनची पूड ओली करून प्लॅटिनमच्या पातळ पत्र्यावर किंवा उष्णता सोसणाऱ्या साच्यावर थर देऊन भाजत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ आणि तरीही रंगाला चांगले असे काम सगळ्या तंत्रज्ञांना साधत नसे. न तासलेल्या दातावर एवढा थर चढला की दात जाड दिसायचा, ओठ पुढे आल्यासारखे वाटायचे. त्याहून मोठी अडचण हिरडीपाशी होती. व्हिनियरची कड संपते तिथे दात आणि पोर्सेलिन यांच्यामध्ये बारीक पायरी राहायची. ब्रश तिच्याखाली पोहोचत नसे, प्लाक (जंतूंचा चिकट थर) साचे, हिरडी लाल होऊन ब्रश लागताच रक्त येई. शिवाय दात तासलेला नसेल, तर कड नेमकी कुठे थांबवायची हे तंत्रज्ञाला साच्यावर दिसत नसे. तो अंदाजाने थांबायचा आणि उरलेले डॉक्टर तोंडात घासून जुळवायचे.

त्यामुळे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात शिकवण पालटली. पोर्सेलिनला जागा हवी, म्हणून दाताचा पुढचा भाग मानेपाशी (हिरडीलगत) साधारण 0.3, मध्ये 0.5 आणि टोकाकडे 0.7 मिलिमीटर तासायचा; हिरडीलगत कडेसाठी स्पष्ट रेघ आखायची. मापाच्या खाचा पाडणारे खास बर (ड्रिलची तासायची टोके) बाजारात आले. काम सुटसुटीत झाले, लॅबच्या तक्रारी घटल्या आणि व्हिनियर दिसूही लागले छान.

त्यावेळच्या साहित्याचा विचार केला तर हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. पण लॅबच्या मर्यादेवरचा तोडगा दाताचा नियम होऊन बसला, आणि तो सगळ्या दातांना सरसकट लावला गेला, हे चुकलेच. पटाशीच्या दाताचे इनॅमल टोकाकडे सुमारे एक मिलिमीटर जाड असते, मानेपाशी मात्र 0.3 ते 0.5 मिलिमीटरच. म्हणजे नियम काटेकोर पाळला तरी मानेपाशी जवळजवळ काहीच उरत नाही. मोजमाप न करता, हाताच्या अंदाजाने तासले की तिथले डेंटिन (इनॅमलखालचा थर) उघडे पडते, हे 1990 च्या दशकातल्या अभ्यासांतही दिसले. वयाने झिजलेल्या दातांत ही शक्यता आणखी वाढते. डेंटिन ओलसर, सूक्ष्म नळ्यांनी भरलेले आणि इनॅमलपेक्षा लवचीक असते. त्यावरचा जोड इनॅमलवरच्या जोडाइतका भरवशाचा नसतो. वरचे पोर्सेलिन तडकण्याचा, सुटण्याचा आणि थंड-गरम झोंबण्याचा धोका वाढतो. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचा एकूण कलही हाच आहे: व्हिनियरखाली आणि कडेला इनॅमल जितके जास्त, तितके ते जास्त टिकते. ज्या पकडीमुळे व्हिनियर शक्य झाले, तीच तासण्याने कमकुवत होत होती. आणि इनॅमल पुन्हा उगवत नाही.

तासण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि त्यात तथ्य आहे: व्हिनियरसाठी कितीही तासले तरी सगळा दात झाकणाऱ्या कॅपच्या तुलनेत ते कमीच. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वजनाच्या मोजणीनुसार व्हिनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा 3 ते 30 टक्के हिस्सा जातो, पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के. पण 3 आणि 30 यांतले अंतर दहापट आहे, आणि सगळा वाद त्या अंतराचाच आहे.

दरम्यान साहित्य बदलले. 1990 च्या दशकात दाबून साच्यात भरायचे सिरॅमिक आले, पुढे लिथियम डायसिलिकेट हे सिरॅमिक आले. 0.3 मिलिमीटरच्या आसपासचे काम कुशल लॅबला जमू लागले. 2000 नंतर अमेरिकेत टीव्हीवरच्या मेकओव्हर कार्यक्रमांनी मागणी एकदम वाढवली, आणि काही उत्पादकांनी ‘कॉन्टॅक्ट लेन्सइतके पातळ, ना इंजेक्शन, ना ड्रिल, हवे तेव्हा काढता येणारे’ अशी जाहिरात सुरू केली. या मोहिमेने जितके भले केले तितकेच नुकसानही. इनॅमल वाचवण्याची गोष्ट पुन्हा चर्चेत आली, पण सरसकट नियमाची जागा दुसऱ्या सरसकट नियमाने घेतली. आधीच पुढे आलेल्या दातांवर, गडद डाग असलेल्या दातांवर व्हिनियर नुसते चिकटवले गेले आणि जाड, एकसुरी पांढरे दात, सुजलेल्या हिरड्या या 1980 च्या दशकातल्या तक्रारी परत आल्या. पाहणारे पद्धतीला नावे ठेवू लागले. चूक दात निवडण्यात होती.

न तासता व्हिनियर कुठे शोभते, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट आहे: मुळात लहान किंवा निमुळते दात, दातांमधल्या फटी, झिजलेली टोके, आत कललेले दात. जिथे काही कमी आहे तिथे भर घालायची.

पद्धतीतला मोठा बदल मात्र साहित्यापेक्षा क्रमात आहे. आधी दात तासून मग आकार ठरवण्याऐवजी आधी अपेक्षित आकार मेणात किंवा संगणकावर करायचा, त्याच्या सिलिकॉनच्या साच्यात रेझिन भरून तो न तासलेल्या दातांवर दाबायचा. काही मिनिटांत भावी दात तोंडात दिसतात. बोलून, हसून पाहता येते. मग माप दाताच्या पृष्ठभागापासून नव्हे, या नमुन्याच्या पृष्ठभागापासून आत घ्यायचे. नमुन्यातच 0.5 मिलिमीटर जाडी मिळाली, तर बर दाताला लागतच नाही. एकाच तोंडात चार दात अजिबात न तासलेले, एकाचा फक्त कोपरा गोल केलेला आणि एक पुढे आलेला दात थोडा तासलेला, असे काम आता रोजचे झाले आहे.

‘हवे तेव्हा काढता येते’ हा दावा तेवढा तपासून घ्यायला हवा. चिकटवताना इनॅमलवर ॲसिड लागतेच, आता साधारण 37 टक्के. काढायचे म्हटले तर व्हिनियर बरने घासून काढावे लागते. शेवटच्या थरात रेझिन कुठे संपते आणि दात कुठे सुरू होतो हे साध्या नजरेला कळत नाही, आणि मूळचा न तासलेला दात नेमका तिथे तासला जातो. म्हणून काही ठिकाणी आता एर्बियम लेझर वापरतात. त्याचे किरण पातळ सिरॅमिकमधून आत शिरतात, खालचे रेझिन ते शोषून घेते आणि व्हिनियर बहुतेकदा अखंड सुटते. उरलेले रेझिन बहुतेकदा अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली चमकते. ते पाहत पाहत पॉलिश करून काढतात.