चरित्र वाचतोय की गोष्ट? घोरपडीवरून सुरू झालेला घोळ

माझ्या भाचीने मागच्या सुट्टीत तानाजीवरची दोन पुस्तकं लागोपाठ वाचली आणि मला विचारलं, मामा, एकात घोरपड आहे आणि दुसऱ्यात नाहीच, मग खोटं कोण बोलतंय? प्रश्न इतका बरोबर होता की मी दोन दिवस तेच डोक्यात घेऊन फिरत होतो.

खोटं कुणीच बोलत नाहीये. एक पुस्तक चरित्र होतं आणि दुसरी मुलांसाठीची ऐतिहासिक कादंबरी, पण दुकानात दोन्ही एकाच कप्प्यात असतात, कव्हरवर तोच गड, तीच तलवार, त्यामुळे पोरांनाच काय आपल्यालाही फरक कळत नाही.

आता तानाजीचंच बघा. पक्कं काय माहीत आहे? 1665 च्या पुरंदरच्या तहात 23 किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यात कोंढाणा गेला. 4 फेब्रुवारी 1670 च्या रात्री तो तानाजी मालुसऱ्यांनी परत घेतला, किल्लेदार उदेभान पडला आणि तानाजीही पडले. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर 1697 च्या सुमाराची, म्हणजे घटनेनंतर पंचवीसेक वर्षांनी लिहिलेली. तिच्यात असं आहे की आधी दोन मावळे वानरासारखे कडा चढून गेले, मग वरून माळ म्हणजे शिडी लावली आणि तिनशे माणूस वर गेला. घोरपड नाही, रायबाचं लग्नही नाही. यशवंती घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. आणि ‘गड आला पण सिंह गेला’ म्हणून गडाला सिंहगड नाव पडलं असं आपण सगळेच शिकलो, पण सिंहगड हे नाव 1670 च्या आधीच्या पत्रांतही सापडतं! सभासदाकडे महाराजांचं वाक्य वेगळंच आहे, एक गड घेतला परंतु एक गड गेला, अशा अर्थाचं. मला तर हेच जास्त लागतं, कारण त्यात माणूसच गड झालाय.

तर चरित्रकाराला प्रत्येक ओळीला आधार लागतो, पत्र, बखर, शकावली म्हणजे घटनांची सनावार नोंद, काहीतरी. जिथे आधार संपतो तिथे त्याने थांबायचं किंवा ‘असं म्हणतात’ लिहायचं. कादंबरीकाराचं काम तिथूनच सुरू होतं, की त्या रात्री थंडी किती असेल, कडा चढताना हाताला काय लागलं असेल, खाली थांबलेल्या पोराच्या पोटात कसा गोळा आला असेल. हे कुठल्या कागदात मिळणार? आणि दहा वर्षांच्या मुलाला इतिहास आधी पोटातूनच कळतो, सनावळीतून नाही, म्हणून गोष्ट कमी दर्जाची असं मी अजिबात मानत नाही.

उलट चांगली मुलांची ऐतिहासिक कादंबरी एक शहाणपणा करते, ती मोठा माणूस बाजूला ठेवते आणि मधे एखादं काल्पनिक पोर आणते, मोतद्दाराचा म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याचा मुलगा, गडाखालच्या वाडीतली मुलगी. मग काल्पनिक काय ते उघडच असतं, आणि त्या पोरासोबत नाचणीची भाकरी, घोड्यांचा दाणावैरण, रात्रीची चौकी हे सगळं समजतं जे चरित्रात सहसा येतच नाही.

खरी अडचण मधल्या पुस्तकांची आहे. कव्हरवर चरित्र लिहिलेलं आणि आत पानोपानी संवाद, जिजाऊ काय म्हणाल्या, महाराजांच्या मनात काय आलं, सगळं अवतरणचिन्हात. बंद खोलीतलं बोलणं लेखकाने कुठून ऐकलं? अशा पुस्तकांवर माझा राग आहे, कारण मूल तेच वाक्य इतिहास म्हणून पाठ करतं आणि मोठेपणी कुणी पुरावा मागितला की त्याला तो अपमान वाटतो.

कधीकधी खरं बोलणं मिळतंही. डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र काशीबाई कानिटकरांनी 1889 मधे लिहिलं, आनंदीबाई गेल्या त्याला दोनच वर्षं झाली होती, आणि त्यात त्यांची पत्रं आहेत. तिथे अवतरणचिन्हातला आवाज खुद्द आनंदीबाईंचा आहे. त्यांच्यावर कादंबरी, नाटक, सिनेमा सगळं आलं, पण आधी ती पत्रं वाचलेली असली की पुढचं कुठे रंगवलंय ते आपोआप दिसायला लागतं.

भाचीला मी एवढंच सांगितलं की प्रत्येक संवादापाशी विचार, हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? तिने पेन्सिल घेऊन दोन्ही पुस्तकांत खुणा करायला सुरुवात केली. घोरपडीपाशी तिने ‘पोवाडा’ असं लिहिलंय आणि पान दुमडून ठेवलंय, कारण म्हणे तो भाग तिला परत वाचायचाय.