इंटरचेंज : नागरी महामार्गांची पुनर्बांधणी व पुनर्रचना

दोन किंवा अधिक रस्ते एकमेकांना वेगवेगळ्या पातळ्यांवरून ओलांडतात आणि जोडरस्त्यांच्या साहाय्याने एका रस्त्यावरील वाहनाला दुसऱ्या रस्त्यावर न थांबता जाता येते, अशा रचनेस इंटरचेंज म्हणतात. केवळ पातळी वेगळी केली आणि जोडरस्ते दिले नाहीत, तर ती रचना ग्रेड सेपरेटर ठरते. अभियांत्रिकी लेखनात हा भेद काटेकोरपणे पाळला जातो; बोलण्यात मात्र दोहोंना सरसकट ‘उड्डाणपूल’ किंवा ‘बोगदा’ म्हटले जाते. शासकीय मराठीत ‘आंतरबदल’ हा प्रतिशब्द आढळतो, तथापि समृद्धी महामार्गामुळे ‘इंटरचेंज’ हाच शब्द रुळला असल्याने येथे तोच स्वीकारला आहे. शहरालगतच्या महामार्गावरील जुनी जोडरचना वाढत्या वाहतुकीला अपुरी पडू लागली, की ती पाडून किंवा फेरफार करून नव्याने उभारणे, हा या नोंदीचा विषय आहे. त्यासाठी सातारा शहर आणि पुणे–बंगळूर महामार्गाचा सातारा जिल्ह्यातील पट्टा विशेषत्वाने विचारात घेतला आहे.

उगम : पातळी-विलगीकरणाची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या १८५८ च्या आराखड्यात आडवे रस्ते उद्यानाच्या पातळीखालून नेण्यात आले होते आणि लंडनचा होबर्न व्हायाडक्ट १८६९ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या दोन्ही ठिकाणी जोडरस्त्यांचा प्रश्न मात्र गौण होता. तो सोडवणाऱ्या चौपाकळी रचनेचे, म्हणजे क्लोव्हरलीफचे, श्रेय कोणाला द्यावे याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेतील मेरीलँडचे अभियंते आर्थर हेल यांना चौफुलीच्या अशा रचनेचे पेटंट २९ फेब्रुवारी १९१६ रोजी मिळाले. प्रत्यक्षात बांधलेली अमेरिकेतील पहिली क्लोव्हरलीफ न्यू जर्सी राज्यातील वुडब्रिज येथे १९२९ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा फिलाडेल्फियाच्या रुडॉल्फ आणि डेलानो या अभियंत्यांच्या कचेरीत तयार झाला. डेलानो यांना ही कल्पना ब्वेनोस आयरीसमधील एका रचनेचे चित्र नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर पाहून सुचली, असे सांगितले जाते. ते खरे मानल्यास हेल यांचे पेटंट आणि वुडब्रिज यांच्यात थेट धागा जोडता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथील विली झारबाख या लोहारकामाच्या शिकाऊ तरुणानेही १९२८ च्या सुमारास अशाच रचनेचे पेटंट मिळवले होते आणि काही युरोपीय लेखक त्यालाच जनक मानतात. तारखांचा क्रम पाहता मूळ कल्पनेचा मान हेल यांना आणि ती रस्त्यावर उतरवण्याचा मान वुडब्रिजला देणे अधिक सयुक्तिक वाटते; झारबाखचा शोध स्वतंत्र असावा.

युरोपातील पहिली क्लोव्हरलीफ म्हणून स्टॉकहोममधील स्लुसेनचे नाव सामान्यतः घेतले जाते. ती १९३५ मध्ये खुली झाली. जर्मन लेखक लाइपझिगजवळच्या श्कॉयडिट्झ येथील महामार्ग-छेदनाला पहिलेपण देतात. तेथील रचना स्लुसेननंतरची असल्याने हा दावा केवळ द्रुतगती मार्गांपुरताच ग्राह्य धरावा लागतो. स्लुसेन बांधली गेली तेव्हा स्वीडनमध्ये भारताप्रमाणे डाव्या बाजूने वाहने चालत. १९६७ मध्ये तो देश उजव्या बाजूकडे वळला, तेव्हाही ती रचना उपयोगी राहिली. चारही पाकळ्या सारख्या असल्यामुळे दिशा उलटली तरी आकृती बदलत नाही. वुडब्रिज आणि स्लुसेन या दोन्ही मूळ रचना एकविसाव्या शतकात पाडून त्यांच्या जागी नव्या उभारण्यात आल्या.

भूमिती आणि तिच्या मर्यादा : एकाच पातळीवरील चार हातांच्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना छेदण्याचे, मिळण्याचे व फुटण्याचे मिळून ३२ संघर्षबिंदू असतात. त्यांपैकी १६ बिंदू थेट छेदण्याचे, म्हणून सर्वांत घातक, आणि मिळण्याचे व फुटण्याचे प्रत्येकी ८ असतात. क्लोव्हरलीफमध्ये हे १६ छेदबिंदू पूर्णपणे नाहीसे होतात. आपल्याकडील डाव्या बाजूच्या वाहतुकीत उजवीकडे जाणारे वाहन पूल ओलांडून डावीकडे उतरते, पाकळीवरून २७० अंशांचा वळसा घेते आणि दुसऱ्या रस्त्याला मिळते.

या सोयीची किंमत जागेच्या रूपाने मोजावी लागते. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. रस्त्याच्या बाहेरील कडेला दिलेला ७ टक्के चढ आणि ०.१५ इतका पार्श्विक घर्षणांक, म्हणजे चाक बाजूला घसरण्यास रस्ता करत असलेल्या विरोधाचे माप, गृहीत धरल्यास ताशी ४० किलोमीटर वेगासाठी सुमारे ५७ मीटर, तर ताशी ६० किलोमीटर वेगासाठी सुमारे १२९ मीटर त्रिज्या लागते. वेग दीडपट झाला की त्रिज्या सव्वादोनपट होते, आणि पाकळीने व्यापलेले क्षेत्र पाचपटीने वाढते. शहराच्या कडेला एवढी जमीन मिळत नाही. म्हणून पाकळ्या लहान ठेवल्या जातात, आणि ताशी ८० च्या वेगाने आलेल्या चालकाला थोड्या अंतरात वेग निम्म्यावर आणावा लागतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. एका पाकळीवरून महामार्गावर येणारी वाहने आणि लगतच्या पाकळीकडे जाण्यासाठी महामार्ग सोडणारी वाहने एकाच आखूड पट्ट्यात एकमेकांच्या मार्गिका ओलांडतात. वेणी घालताना पेड एकमेकांवरून जातात तशी ही हालचाल असते; अभियंते तिला गुंफण म्हणतात. वाहने थोडी असताना गुंफण सहज होते. संख्या वाढली की मुख्य रस्त्याचाच वेग मोडतो. जगभरात क्लोव्हरलीफ काढून टाकण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असते. गुंफण मुख्य मार्गिकेपासून दूर नेण्यासाठी समांतर संकलक रस्ता देतात, दोन पाकळ्या काढून अर्धी क्लोव्हरलीफ करतात, किंवा थेट उन्नत जोडरस्ते उभारून अनेक मजल्यांची रचना करतात. लॉस एंजेलिसमधील चार पातळ्यांची रचना १९५३ मध्ये वाहतुकीस खुली झाली आणि पुढे अशा रचनांचा नमुना ठरली. भारतात रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने नागरी इंटरचेंजसाठी १९८५ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली व २०१७ मध्ये ती सुधारली. चौकातील सर्व हातांची एकत्रित वाहतूक ताशी १०,००० प्रवासी कार एककांपलीकडे गेल्यास पातळी-विलगीकरणाचा विचार करावा, हा त्यातील सर्वपरिचित निकष होय. प्रवासी कार एकक म्हणजे प्रत्येक वाहन किती मोटारींइतकी जागा अडवते याचे माप. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर या हिशेबात अनेक मोटारींच्या बरोबरीचा ठरतो. गळीत हंगामात कराड–सातारा पट्ट्यावर केलेली वाहनगणना उन्हाळ्यातील गणनेशी जुळवून पाहिल्याशिवाय वापरू नये, असे प्रस्तुत नोंदकाराचे मत आहे.

वाहतूक चालू ठेवून पुनर्बांधणी : नवा रस्ता मोकळ्या माळावर बांधणे आणि चालू महामार्गाच्या पोटात बांधणे ही दोन निराळी कामे आहेत. दुसऱ्या प्रकारचे सर्वांत चर्चिलेले उदाहरण बोस्टनचे आहे. १९५९ मध्ये खुला झालेला तेथील उन्नत मार्ग दिवसाला सुमारे ७५,००० वाहनांसाठी आखला होता. १९९० च्या दशकाच्या आरंभी त्यावरून सुमारे दोन लाख वाहने जात होती. तो मार्ग वापरात ठेवून, त्याचे खांब तात्पुरत्या आधारांवर तोलून, त्याच्याच खाली भुयारी महामार्ग खोदण्यात आला. १९९१ ते २००७ असे सोळा वर्षे काम चालले आणि एकूण खर्च सुमारे १४.६ अब्ज डॉलरवर गेला. याउलट सॅन फ्रान्सिस्कोने १९८९ च्या भूकंपात नुकसान झालेला किनाऱ्यालगतचा उन्नत मार्ग १९९१ पासून पाडला व पुन्हा बांधला नाही. सोलमध्ये २००३ ते २००५ या काळात उन्नत मार्ग काढून त्याखालचा चोंग्ग्येचोन हा ओढा मोकळा करण्यात आला.

महाराष्ट्रातील वाचकांस परिचित उदाहरण पुण्याच्या चांदणी चौकाचे आहे. तेथील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री सुमारे ६०० किलो स्फोटके वापरून पाडण्यात आला. स्फोटानंतरही पुलाचा काही भाग उभा राहिल्याने तो यंत्रांनी तोडावा लागला. नवी रचना १२ ऑगस्ट २०२३ रोजी खुली झाली.

सातारा शहर : पुणे–बंगळूर मार्ग, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ४ व क्रमांकबदलानंतरचा ४८, शहराच्या पूर्वेकडून जातो. सुवर्ण चतुर्भुज योजनेत त्याचे चौपदरीकरण झाले आणि पुढे पुणे–सातारा भागाचे सहापदरीकरण हाती घेण्यात आले. मूळ गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, महामार्गाच्या पश्चिमेला आहे. औद्योगिक वसाहत पूर्वेला वाढली. त्यामुळे गावाला वळसा घालणारा रस्ताच गावाच्या मधोमध आला, आणि वाढे फाटा, बॉम्बे रेस्टॉरंट चौक, अजंठा चौक ही महामार्गावरील नावे शहरातल्या चौकांसारखी बोलली जाऊ लागली. वाढे फाट्यावर लोणंद–फलटणकडील, तर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात कोरेगावकडील वाहतूक मिळते. या ठिकाणी दोन प्रकारचे प्रवासी एकत्र येतात. एकाला कोल्हापूर गाठायचे असते, दुसऱ्याला डबा घेऊन पलीकडच्या कारखान्यात जायचे असते. उड्डाणपुलाने पहिल्याचा प्रश्न सुटतो. दुसऱ्याचा प्रश्न पुलाखालच्या चौकात आणि सेवारस्त्यावर तसाच राहतो, कारण तेथे एसटी थांबते, रिक्षा वळतात आणि विरुद्ध दिशेने येणारी दुचाकीही दिसते. आराखड्यात सेवारस्त्याला दुय्यम स्थान देण्याची पद्धत नागरी पट्ट्यात सदोष आहे, हे येथे स्पष्टपणे दिसते.

शहरांतर्गत पोवई नाक्याचे काम या विषयाशी निकटचे आहे. नाका म्हणजे जकात किंवा पथकर घेण्याची जागा. आता तेथे शिवाजी महाराजांचा पुतळा असून अनेक दिशांचे रस्ते एकत्र येतात. उड्डाणपूल न उभारता रस्ते जमिनीखालून नेण्याचा पर्याय तेथे निवडला गेला, त्यामुळे पुतळ्याभोवतीचा मोकळा परिसर झाकला गेला नाही. ही भुयारी रचना जानेवारी २०२१ मध्ये वाहतुकीस खुली झाली. साताऱ्यात ती ‘ग्रेड सेपरेटर’ या नावानेच ओळखली जाते. तिचे हात वेगवेगळ्या रस्त्यांना बाहेर पडत असल्याने काटेकोर अर्थाने तिला नागरी आंशिक इंटरचेंज म्हणणे अधिक योग्य ठरेल.

कराड : कराड येथे कोल्हापूर नाका आणि लगतचे मलकापूर यांमधील महामार्गाने शहर दुभंगले होते. सातारा–कागल भागाच्या सहापदरीकरणात तेथील जुने उड्डाणपूल २०२३ मध्ये पाडण्यात आले व त्यांच्या जागी एकाच रांगेतील खांबांवर तोललेला सलग उन्नत मार्ग हाती घेण्यात आला. जुन्या पुलांच्या दोन्ही टोकांना मातीच्या भरावाच्या भिंती होत्या. त्या जेथे उभ्या होत्या तेथे आडवी ये-जा अशक्य होती. खांबांवरील मार्गाखालून मात्र गाव सलग राहते. भराव स्वस्त व झटपट होतो, म्हणून तोच सर्वत्र वापरला जातो. दाट वस्तीत खांबांचा जादा खर्च समर्थनीय आहे. जेथे भराव कायम राहतो तेथे भुयारी मार्गाची उंची निर्णायक ठरते. मानकांनुसार सर्व वाहनांसाठीच्या भुयारी मार्गाला ५.५ मीटर, तर हलक्या वाहनांसाठीच्या मार्गाला ४ मीटर उंची देतात. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली चार मीटरच्या मार्गाशी आली की चालक खाली उतरतो, वरच्या मोळीचा शेंडा आणि छताची कड नजरेने जुळवून पाहतो आणि पुष्कळदा ट्रॅक्टर मागे घेऊन पुढच्या फाट्याचा रस्ता धरतो.

खंबाटकी घाट : पुणे–सातारा भागातील सर्वांत अवघड दुरुस्ती शहरात नसून या घाटात आहे. १८८५ च्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये घाटाचे नाव ‘खामटकी’ असे आढळते आणि जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही तेच आहे. पुण्याहून येणारी वाहने घाट चढून येतात, तर साताऱ्याहून जाणारी बोगद्यातून जातात. बोगद्यानंतरच्या उतारावरील इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. एप्रिल २०१८ मध्ये तेथे मजुरांचे वाहन उलटून किमान १७ जणांचा मृत्यू झाला. उतारावर वेग घेतलेल्या वाहनाला एका बाजूचे वळण संपताच लगेच उलट बाजूचे वळण घ्यावे लागते आणि रस्त्याचा आडवा चढ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आणण्यास मधे पुरेशी सरळ लांबी राहत नाही. सूचनाफलक, रम्बलर आणि परावर्तक यांनी असा दोष सौम्य होतो, नाहीसा होत नाही. मार्गरेषा बदलणे हाच उपाय उरतो. त्यासाठी प्रत्येकी तीन मार्गिकांचे दोन जुळे बोगदे आणि त्यांचे पोचमार्ग असे सुमारे ६.४३ किलोमीटर लांबीचे काम हाती घेण्यात आले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये त्याचा खर्च सुमारे ९२६ कोटी रुपये सांगितला होता. घाट ओलांडण्यास एका दिशेने सरासरी ४५ मिनिटे, तर दुसऱ्या दिशेने १० ते १५ मिनिटे लागतात आणि नव्या मार्गाने हा वेळ ५ ते १० मिनिटांवर येईल, असा मंत्रालयाचा अंदाज होता.