बदक ओळखायचं तर मादीपासून सुरुवात करा

धानाची कापणी आटोपत आली की भंडारा-गोंदियाकडच्या तलावांवर उत्तरेचे पाहुणे उतरू लागतात. हे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव. कोहळी समाजानं काही शतकांपूर्वी ते बांधले ते शेतीच्या ओलितासाठी. पण उथळ काठ, त्यात आपोआप उगवणारं देवधान, म्हणजे रानटी भात, आणि भरपूर पाणवनस्पती ही सोय बदकांच्याही चांगलीच पथ्यावर पडली.

नवखा पक्षीनिरीक्षक पुस्तक घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभा राहतो. पुस्तकात हिरवी डोकी, तांबूस छात्या, पांढऱ्या भुवया. समोर मात्र सगळी मातकट, ठिपकेदार, एकासारखी एक. याचं कारण असं की मोठ्या चित्रात बहुधा नर असतो, तोही ऐन नटलेला. विणीचा हंगाम संपला की बदकांचे नर भडक पिसं टाकून देतात. उडायची पिसंही एकदमच गळतात, त्यामुळे तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. अशा वेळी मादीसारखं मातकट दिसण्यातच शहाणपण. त्याच वेषात ते ऑक्टोबरात आपल्याकडे पोचतात आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत हळूहळू रंगात येतात. भुवई बदकाचा नर याबाबत फार आळशी. ज्या पांढऱ्या भुवईवरून त्याला ओळखायचं, ती फेब्रुवारीपर्यंत धड दिसतच नाही.

हा नट्टापट्टा हिवाळ्यातच का? बहुतेक पक्षी विणीच्या जागी पोचल्यावर जोडीदार शोधतात. स्थलांतरी बदकं मात्र जोड्या हिवाळ्यातच जमवतात. वसंतात मादी सहसा आपल्या जन्मगावाकडे परतते आणि नर तिच्या मागोमाग जातो. घरजावईच म्हणा! वर्षभर आपल्याकडेच राहणाऱ्या हळदी-कुंकू बदकात आणि अडईत मात्र नर-मादी जवळजवळ सारखेच दिसतात.

म्हणून माझं मत असं की रंग शेवटी बघावा. आधी बदक पाण्यावर कसं बसलंय ते बघा. शेपटी पाण्याच्या वर, डोकं बुडवून बूड आकाशाकडे करणारं बदक उथळ पाण्यात चरणारं: तलवार बदक, थापट्या, चक्रांग, गडवाल. शेपटी पाण्याला टेकलेली, अंग बसकं, आणि बघता बघता अख्खंच गायब होणारं बदक बुडी मारणारं: लालसरी, शेंडी बदक. बुडी मारणाऱ्यांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. पोहायला ते उत्तम, पण उडताना त्यांना पाण्यावरून धावत जावं लागतं. चरणारी बदकं जागच्या जागी उसळी मारून उठतात. एवढ्यावरच निम्मं काम होतं.

मग चोच. थापट्याची चोच टोकाशी इतकी रुंद की मादीसुद्धा लपत नाही. चोचीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्या असतात. तोंडात घेतलेलं पाणी त्यातून बाहेर जातं आणि सूक्ष्म जीव, बिया आत अडकतात. कधी कधी पाच-दहा थापटे एकामागोमाग गोल फिरत चिखल ढवळतात आणि पुढच्यानं ढवळलेलं मागचा गाळून खातो. तासभर बघत बसावं असा प्रकार आहे.

माद्यांच्या खुणा अशा. मान लांब, चोच राखाडी, शेपटी टोकदार असेल तर तलवार बदक. चोचीच्या कडा नारिंगी आणि पंखावर पांढरा चौकोन असेल तर गडवाल. डोक्यावर तपकिरी टोपी आणि गाल फिकट असतील तर मोठी लालसरी. ही दुर्बिणीशिवायही कळते. चेहऱ्यावर ठळक पट्टे आणि चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका असला तर भुवई बदक. यांत चक्रांग सगळ्यात लहान.

लहान म्हणजे केवढं, हे लांबून कळत नाही. त्यासाठी वारकरी शोधा: काळा, कपाळावर पांढरा टिळा. हा बदक नव्हे, पाणकोंबडीच्या कुळातला. पण जवळपास प्रत्येक तलावावर असतो आणि आकारानं ठरलेला, सुमारे ४० सेंटिमीटर. चक्रांग त्याच्याहून थोडं छोटं, हळदी-कुंकू बरंच मोठं. वारकऱ्याच्या आसपास रेंगाळणाऱ्या बदकांकडे तर नक्कीच बघा. तो बुडी मारून तळातली वनस्पती वर आणतो आणि गडवाल किंवा तरंग बदक ती सरळ त्याच्या चोचीतून पळवतात. स्वतःला खोल बुडी जमत नाही, मग हा मार्ग.

सकाळी पूर्वेच्या पाळीवर उभं राहावं, म्हणजे ऊन पाठीशी येतं. ८ किंवा १० पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरे. काठापर्यंत उतरू नये. बदकं मधोमध सरकतात आणि मग नुसते ठिपके उरतात. त्यापेक्षा ढिवराचा डोंगा जाळ्याकडे निघेपर्यंत थांबा. थवा आपोआप उठतो आणि पाण्यावर झाकलेला पंखावरचा पट्टा उघडा पडतो: चक्रांगाचा चकचकीत हिरवा, गडवालचा पांढरा, हळदी-कुंकूचा हिरवा आणि त्याला पांढरी किनार. थापट्याच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा दिसतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत टिपायचं असतं. तरी नाही जमलं तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जात न ठरवता नुसतं 'बदक' म्हणून संख्या टाकायची सोय आहे, ती खुशाल वापरावी.