कोडाचा कोड चुकला

मागच्या महिन्यात आतेबहिणीच्या लेकीचा इन्शुरन्सचा क्लेम अडकला. फोन आला, "मॅडम, कोड में गड़बड़ है." आजीने आतून ऐकलं आणि तिथूनच ओरडली, "कोड नाहीये गं तिला, जन्मापासूनचं आहे ते!" आम्ही हसलो, पण निदान आजीचंच बरोबर होतं.

आयसीडी-१० म्हणजे डब्ल्यूएचओने रोगांना दिलेले नंबर, त्यात एल ८० म्हणजे व्हिटिलिगो, आपलं कोड. फॉर्मवर तेच छापलेलं. पोरीला आहे पायबाल्डिझम. कपाळावर पांढरी बट, पोटावर पांढरा पट्टा, जन्मली तेव्हा होता तोच, अंगाबरोबर वाढला तेवढाच.

आता गंमत बघा, रंग बनवणाऱ्या पेशी मुळात कातडीतल्या नसतातच, गर्भात त्या पाठीच्या कण्याजवळून निघतात आणि दोन्ही बाजूंनी सरकत सरकत पोटाकडे येतात. वाटेत तग धरायला, पुढे जायला त्यांना सिग्नल लागतो, आणि तो पकडणारा रिसेप्टर किट नावाच्या जीनवरून बनतो. जीनच्या दोन कॉप्यांपैकी एक बिघडली की पेशी पुरत नाहीत, आणि सगळ्यात लांबचं, म्हणजे कपाळ-पोटाच्या मधोमधचं, कोरं राहतं. आपल्या इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे टँकरने रंग उडवत निघणारी मिरवणूक घ्या, राजवाड्याला धमाल आणि शेवटच्या गल्लीत टँकर पोचलाच नाही, तसं. अल्बिनिझममध्ये टँकर सगळीकडे जातो पण आत रंगच नाही, कारण अनेकदा टायरोसिनेज हे रंग बनवायला लागणारं एन्झाइमच बिघडलेलं. आणि कोडात रंगवाले वेळेवर पोचलेले असतात, नंतर शरीराचेच पोलीस त्यांना हाकलतात.

तरी एक काकू म्हणाल्याच, दुधावर मासे खाल्ले असतील. अहो, आमच्याकडे मासे फक्त ॲक्वेरियममध्ये! आणि ते 'सात दिन में दाग गायब'वाले क्रीम, तिथे पेशीच नाहीत तर जागं कोणाला करणार?

बरं, खरा कोड शोधला तर तो निघाला ई ७०.३, अल्बिनिझमच्या खोक्यात, आणि ते खोकं मेटाबॉलिझमच्या धड्यात. पूर्वी याला अर्धवट अल्बिनिझम म्हणायचे ना, म्हणून. हिचं टायरोसिनेज ठणठणीत, पण शेजारी ई ७०.० बसलाय, फिनाइलकिटोन्युरिया, ज्यात खाण्याचं कडक पथ्य असतं. नवीन फॉर्म बघून बहिणीने घाबरतच विचारलं, "मेटाबॉलिक म्हणजे हिचं काय काय बंद करायचं?" डॉक्टर म्हणाले, काही नाही, त्या पट्ट्याला ऊन लागू देऊ नका. पोरगी तेव्हा पोह्यांवर शेव घालत होती.