पायजमा कारखान्यातलं बलक्षेत्र

'संस्थांमध्ये बदल घडवण्याचे ७० टक्के प्रयत्न फसतात.' चेंज मॅनेजमेंटच्या, म्हणजे संस्थेतले बदल हाताळण्याच्या, जवळपास प्रत्येक प्रशिक्षणवर्गात हे वाक्य कानावर पडतं, आणि पाठोपाठ त्याचं कारणही सांगितलं जातं: बदलाला विरोध करणं हा माणसाचा स्वभावच आहे. ही दोन्ही वाक्यं मी इतक्या वेळा ऐकली की शेवटी त्यांचा माग काढायला बसलो.

पहिल्याचा माग लवकर लागला. १९९३ साली मायकेल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांनी री-इंजिनिअरिंगवर, म्हणजे कंपनीचं कामकाज मुळापासून नव्याने रचण्यावर, लिहिताना ५० ते ७० टक्के संस्थांना अपेक्षित फळ मिळत नाही, असा अंदाज दिला होता. हा अंदाज शास्त्रीय नाही, हेही त्यांनी तिथेच सांगून टाकलं होतं. पुढे ही पुस्ती गळून पडली आणि आकडा तेवढा हातोहात फिरत राहिला. २०११ साली मार्क ह्यूज यांनी ७० टक्क्यांचा दाखला देणारी पाच प्रसिद्ध लेखनं तपासली. एकाच्याही मागे ग्राह्य पुरावा निघाला नाही.

दुसरं वाक्य मला जास्त घातक वाटतं. एकदा का विरोध स्वभावात आहे असं मानलं, की शोधण्यासारखं काही उरतच नाही. मग एकच मार्ग दिसतो: आणखी जोर लावा. या समजुतीला छेद देणारा एक प्रयोग पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी होऊन गेला आहे, आणि त्यामागचा विचार शाळेत शिकलेल्या बलविज्ञानाच्या आधाराने समजतो.

या विचाराचा जनक कर्ट लेविन. जन्म १८९०, त्या वेळच्या प्रशियात. मानसशास्त्रज्ञ, ज्यू, हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ सालीच त्यांनी जर्मनी सोडली आणि अमेरिका गाठली. माणसाचं वागणं समजून घ्यायचं तर तो माणूस एकटा तपासून भागत नाही, त्याच्याभोवतीचं सगळं क्षेत्र पाहावं लागतं, हा त्यांचा आग्रह होता. लोखंडाचा कीस चुंबकाभोवती विशिष्ट रेषांत मांडला जातो, याचं कारण आपण किसाच्या स्वभावात शोधत नाही, तसंच.

आता कारखान्याकडे वळू. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. तिथे मजुरी कामाच्या नगावर मिळे. प्रमाणित वेगाने एक मिनिट केलेलं काम म्हणजे एक एकक, असा हिशेब होता. त्यामुळे पूर्ण कार्यक्षमता म्हणजे ताशी ६० एककं. अडचण अशी की कामाची पद्धत जरा बदलली तरी कुशल कामगारांचा वेग कोसळायचा. अशा बदलाला सामोरे गेलेल्यांपैकी अवघे ३८ टक्के पुन्हा ६० वर पोहोचत. बाकीचे कायम मागे राहत किंवा नोकरी सोडून जात. त्याहून चमत्कारिक म्हणजे अनुभवी माणसाला नवी पद्धत शिकायला नवशिक्यापेक्षा जास्त वेळ लागे.

कारखान्याचे कर्मचारी-व्यवस्थापक लेस्टर कॉक आणि लेविन यांचे सहकारी जॉन फ्रेंच यांनी यावर प्रयोग केला आणि १९४८ साली तो प्रसिद्ध केला. पहिल्या गटात १८ इस्त्रीवाले होते. ते आधी तयार कपडे सहा-सहाच्या थप्पीत एका सपाट पुठ्ठ्यावर रचायचे. आता तीच थप्पी खोक्यात रचायची होती. पुठ्ठा आणि खोकं, एवढाच काय तो फरक! कंपनीने सभा घेतली. बाजारातल्या स्पर्धेमुळे हा बदल करावा लागतोय, असं सांगितलं, नवा दर समजावला, प्रश्नांना उत्तरंही दिली. म्हणजे आज ज्याला 'उत्तम संवाद' म्हणतात तो झाला होता. तरीही वेग ५० च्या आसपास अडकला, पद्धत ठरवणाऱ्या अभियंत्याशी खटके उडाले, तक्रारी सुरू झाल्या, आणि ४० दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले.

दुसऱ्या गटाची सभा वेगळी होती. त्यांच्यापुढे दिसायला सारखेच दोन कपडे ठेवले. एक १९४६ मधला, दुसरा १९४७ मधला. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट किमतीला विकला गेला होता. यातला स्वस्त कोणता ते ओळखा, असं विचारलं. कुणालाही ओळखता आलं नाही. खर्च का कमी करायला हवा हे त्यानंतर वेगळं सांगावं लागलं नाही. मग गटाने आपले प्रतिनिधी निवडले, आणि पद्धत व दर ठरवण्यात त्यांनी भाग घेतला. चौदा दिवसांत ताशी ६१. आणखी दोन छोट्या गटांत तर प्रतिनिधीही नव्हते, सगळेच चर्चेला बसले. सूचनांचा असा पाऊस पडला की टिपून घेणाऱ्या लघुलेखिकेची तारांबळ उडाली. हे गट सर्वांत लवकर सावरले आणि आपल्या जुन्या वेगाच्या सुमारे १४ टक्के पुढे गेले. सहभाग मिळालेल्या या तिन्ही गटांतून पहिल्या ४० दिवसांत एकानेही नोकरी सोडली नाही.

हे असं का झालं? इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्या विषयातलं मला सर्वांत आवडणारं कोडं हेच आहे.

एखाद्या गटाचा वेग ५० वर टिकून दिसतो, तेव्हा तिथे काही घडत नाहीये असं आपल्याला वाटतं. लेविन म्हणतात, तिथे रस्सीखेच चालली आहे. मजुरीची ओढ, ६० चा निकष, पर्यवेक्षकाची नजर, नोकरी जाण्याची भीती ही बलं वेगाला वर ढकलतात. नव्या हालचालींचा शीण, वरून लादल्याचा राग आणि 'इथे पन्नासच्या वर कुणी जायचं नाही' हा गटाचा अलिखित दंडक ही बलं खाली ओढतात. दोन्ही बाजू तुल्यबळ आहेत म्हणून दोर जागच्या जागी आहे. नदीची पातळी तीच दिसते, पण पाणी क्षणाक्षणाला नवं असतं. हा समतोल तसला.

आता वर ढकलणारं बल वाढवा. ताकीद द्या, बक्षीस लावा. पातळी थोडी सरकते. पण खाली ओढणारी बलं स्थिर नसतात, ती स्प्रिंगसारखी वागतात. वेग वाढला की शीण वाढतो. दंडकापासून जितकं दूर जावं तितकी गटाची ओढही वाढते. लवकरच नवा समतोल साधतो, समजा ५३ वर. आधी दोन्ही बाजूंना १०-१० बल होतं, आता ४०-४० आहे. निव्वळ बल दोन्ही वेळा शून्यच! पण दोरातला ताण चौपट झालेला असतो. लेविन यांच्या मांडणीत हा ताण वाढला की थकवा आणि चिडखोरपणा वाढतो, आणि डोकं शांत ठेवून विचार करणं अवघड होतं. याउलट खाली ओढणारं एखादं बल काढून घेतलं, तर पातळी तेवढीच किंवा जास्त वर जाते आणि ताण मात्र उतरतो. पातळी किती हलेल हे बलाच्या आकाराइतकंच क्षेत्राच्या उतारावर अवलंबून असतं. अंतरागणिक विरोधी बल झपाट्याने वाढत असेल तर प्रचंड जोर लावूनही पातळी जेमतेम सरकते. उतार मंद असेल तर थोडक्या बलाने काम होतं. म्हणून आधी उतार तपासायचा आणि मग कुठल्या बाजूला हात घालायचा ते ठरवायचं.

याचा लख्ख पुरावा त्याच कारखान्यातल्या एका इस्त्रीवालीने दिला. नव्या कामावर तिचा वेग हळूहळू ५० च्या वर जाऊ लागला, तशी गटातल्या बाकीच्यांनी तिच्यावर आगपाखड सुरू केली. तिचा वेग उतरून ४५ वर आला. विसाव्या दिवसानंतर काही कारणाने तो गट मोडला, बाकीच्या सगळ्यांची दुसरीकडे बदली झाली आणि ती एकटी उरली. चार दिवसांत ती ४५ वरून ९६ वर गेली आणि पुढे ९२ च्या आसपास स्थिरावली. काम तेच, दर तोच, हात तेच. फक्त एक बल नाहीसं झालं होतं.

मी स्वतः याचंच दुसरं रूप पाहिलं आहे. एका कार्यालयात नोंदींसाठी नवं सॉफ्टवेअर आलं आणि एक ज्येष्ठ कर्मचारी काही केल्या आपली जुनी वही सोडेनात. हट्टी म्हणून त्यांचं नाव झालं. वही उघडून पाहिली तेव्हा कळलं, की माल दोन हप्त्यांत आला तर तशी नोंद करायला सॉफ्टवेअरमध्ये रकानाच नव्हता. रकाना आला आणि वही आपोआप बंद झाली. तोवर दोन महिने त्यांना केवळ समज देण्यात गेले होते. याचा मला अजून राग येतो.

लेविन १९४७ च्या फेब्रुवारीत वारले. त्यांच्या नावावर आज खपतं ते 'वितळवा, बदला, पुन्हा गोठवा' हे तीन पायऱ्यांचं चित्र. स्टीफन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवून दिलं, की हे मॉडेल बहुतांशी त्यांच्या पश्चात इतरांनी घडवलं. बदलाच्या काळात माणसाचं मन कसं खाली-वर जातं ते दाखवणारी वक्ररेषा म्हणजे 'चेंज कर्व्ह'. तिची गत त्याहून वाईट. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली दुःखाच्या पाच अवस्था मांडल्या त्या मरणासन्न रुग्णांशी बोलून. त्याच अवस्था उचलून प्रत्येक कर्मचारी नकार, राग, नैराश्य अशा ठरलेल्या क्रमाने जातो असं सांगणं आणि सध्या कोण कुठल्या टप्प्यावर आहे ते वर्तवणं, हे राशिभविष्याच्या पंक्तीतलं आहे. त्यात एक धोकाही आहे: समोरच्याची रास्त तक्रार 'त्याचा रागाचा टप्पा चालू आहे' म्हणून बाजूला टाकता येते.

सक्तीच्या मर्यादेचं एक अलीकडचं उदाहरण वैद्यकातलं. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेच्या वेळची १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ वर आलं. हे २००९ साली प्रसिद्ध झालं. पुढे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात अशी यादी सक्तीची केली. २०१४ साली तिथल्या १०१ रुग्णालयांची पाहणी आली, तीत लक्षणीय घट दिसली नाही. दोन्ही अभ्यासांची पद्धत वेगळी, म्हणून एकास एक तुलना करू नये. पण सगळ्यांनी मिळून थांबून विचारलेला प्रश्न आणि हुकूम म्हणून मारलेली खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उघड आहे.

सहभाग म्हणजे रामबाण, असंही नाही. फ्रेंच यांनीच पुढे नॉर्वेतल्या एका बूट कारखान्यात हारवुडसारखा प्रयोग केला आणि १९६० साली त्याचे निष्कर्ष मांडले. परिणाम फिका निघाला. तिथल्या कामगारांच्या लेखी अशा निर्णयांत बोलण्याचा रास्त मार्ग कामगार संघटनेतून जात होता. व्यवस्थापनाने बोलावलेली बैठक त्यांना तितकी आपली वाटली नाही. म्हणजे क्षेत्र बदललं की बलंही बदलतात, आणि नकाशा प्रत्येक ठिकाणी नव्याने काढावा लागतो.

खोक्यात थप्प्या रचायला नाखूश असलेल्या त्या पहिल्या गटाचं पुढे काय झालं, हे सांगायचं राहिलं. त्यातले १३ जण कारखान्यात उरले होते. अडीच महिन्यांनी कॉक आणि फ्रेंच यांनी त्यांना पुन्हा एकत्र आणून नव्या कामावर नेलं, आणि या वेळी बदल ठरवायला सगळ्यांना बसवलं. त्यांचा वेग भराभर सावरला आणि पूर्वीच्याही वर गेला. पुढच्या १९ दिवसांत ना भांडण झालं, ना कुणी काम सोडलं.