शुश्रूषागृह नोंदणी आणि क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा: खान्देशातल्या रुग्णाला फरक कोठे पडतो

खासगी दवाखान्यांसाठी नवा कायदा येणार, अशी बातमी महाराष्ट्रात दर काही वर्षांनी उठते. ती आली की जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. काही जण म्हणतात की असा कायदा आपल्याकडे आधीपासूनच आहे आणि रुग्णालयाच्या भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र लावलेले असते. दुसरे म्हणतात की आपल्याकडे असा कायदाच नाही, त्यामुळे बिलाविषयी तक्रार करायची तरी कोणत्या आधारावर. दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, कारण दोघे दोन वेगळ्या कायद्यांविषयी बोलत असतात. महाराष्ट्रात लागू आहे तो १९४९ चा महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, ज्याला बोलीत नर्सिंग होम कायदा म्हणतात. ज्याची चर्चा होते, पण जो येथे लागू नाही, तो संसदेने केलेला २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे वैद्यकीय आस्थापनांचा, कायदा. आणि राज्याने त्याच धर्तीवर स्वतःचा कायदा करावा, हा गेल्या दशकभरापासूनचा प्रस्ताव आहे.

शुश्रूषागृह कायदा मुंबई प्रांताच्या काळातला आहे. तो झाला तेव्हा जळगाव हे पूर्व खान्देशचे आणि धुळे हे पश्चिम खान्देशचे मुख्य ठिकाण होते. त्याचा विषय मर्यादित आणि स्पष्ट आहे: आजारी, जखमी किंवा अशक्त माणसांना दाखल करून घेऊन जेथे उपचार आणि शुश्रूषा केली जाते ती जागा, आणि प्रसूतिगृह. अशी जागा नोंदणीशिवाय चालवता येत नाही, नोंदणीचे ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते, आणि जागा, साधने किंवा कर्मचारी योग्य नसतील तर नोंदणी नाकारण्याचा किंवा रद्द करण्याचा अधिकार स्थानिक प्राधिकरणाला आहे. जळगाव आणि धुळे शहरांत हे काम महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. नंदुरबार शहरात नगरपरिषद आहे, महापालिका नाही. म्हणून तेथे, तसेच चोपडा, शहादा, शिरपूर, चाळीसगाव यांसारख्या तालुक्याच्या ठिकाणी जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडे, व्यवहारात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात, चौकशी करावी लागते.

अनेक वर्षे हा कायदा म्हणजे केवळ नोंदणीचे रजिस्टर होते. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने त्याखालचे सुधारित नियम अधिसूचित केले आणि त्यांत रुग्णहक्कांची सनद घातली. आजार काय आहे, उपचार कोणते आणि खर्च किती येईल हे समजून घेण्याचा हक्क, कागदपत्रांची प्रत मिळण्याचा हक्क, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क, माहिती देऊन घेतलेल्या संमतीचा हक्क आणि खासगीपणाचा हक्क आता या नियमांत आहेत. पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री तेथे उपस्थित असावी, हेही त्यांत आहे. सनद आणि दरपत्रक रुग्णालयात दिसेल अशा जागी लावले पाहिजे, आणि तक्रार घेण्यासाठी स्थानिक प्राधिकरणाने यंत्रणा व निःशुल्क दूरध्वनी क्रमांक ठेवला पाहिजे, असेही नियम सांगतात. नवा कायदा आल्याखेरीज काही मागता येत नाही, असे समजून गप्प बसणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे कळायला हवे, कारण यातल्या कशासाठीही विधानसभेच्या पुढच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.

दरांच्या बाबतीत मात्र बारकाईने वाचावे लागते. २०२१ चे नियम दर लावण्यास सांगतात. दर किती असावेत हे ते ठरवत नाहीत. लोकांच्या मनात हा घोळ होण्याचे कारण करोनाकाळात आहे. २०२० मध्ये राज्य सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांवर दरमर्यादा घातली होती: साध्या वॉर्डात दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता विभागात ७,५०० रुपये आणि व्हेंटिलेटर लागल्यास ९,००० रुपये. त्या आदेशाला शुश्रूषागृह कायद्याबरोबरच साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचाही आधार होता, आणि तो आपत्तीपुरता होता. आज बिलाच्या वेळी ते आकडे दाखवून उपयोग होत नाही. लावलेल्या दरापेक्षा जास्त आकारणी झाली असेल तर ते दाखवून देणे, आणि कोणत्या गोष्टीचे किती पैसे लावले याचे तपशीलवार बिल मागणे, हाच खरा आधार आहे.

आता ज्याने मला हे लिहायला भाग पाडले, त्या मुद्द्याकडे येतो. खान्देशात आजारी माणूस पहिल्यांदा कोठे जातो? धडगाव किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या पाड्यावरचा माणूस, यावल-रावेरच्या केळीच्या मळ्यात राबणारा मजूर, कपाशीवर फवारणी करताना चक्कर आलेला शेतकरी किंवा सर्पदंश झालेले मूल थेट मोठ्या रुग्णालयात क्वचितच पोहोचते. पहिला थांबा बाजारपेठेतला एका खोलीचा दवाखाना असतो, नाहीतर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र. शुश्रूषागृह कायदा नेमक्या या दोन्ही ठिकाणांना लागू होत नाही. एका खोलीच्या दवाखान्यात रुग्ण दाखल होत नाही, म्हणून तो व्याख्येबाहेर राहतो. सरकारने किंवा स्थानिक संस्थेने चालवलेल्या रुग्णालयांना कायद्यानेच वगळले आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके दगावली आणि त्याच महिन्यात खासगी शुश्रूषागृहांसाठीचे सुधारित नियम निघाले. ज्या प्रकारच्या रुग्णालयात ती बालके गेली, ते या नोंदणीच्या कक्षेत येतच नव्हते.

या दोन टोकांच्या मध्ये एक धूसर पट्टा आहे आणि ग्रामीण खान्देशात तो फार मोठा आहे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत दोन-तीन खाटा असतात, रुग्णाला सलाईन लावले जाते, संध्याकाळपर्यंत तो तेथे झोपून राहतो आणि मग घरी जातो. हे दाखल करून घेणे आहे की नाही? माझ्या मते रुग्णाला खाटेवर ठेवून शुश्रूषा होत असेल तर नोंदणी हवी, आणि कायद्याच्या शब्दांतूनही तोच अर्थ निघतो. पण व्यवहारात अशा खोल्या बाह्यरुग्ण दवाखाना म्हणूनच चालतात आणि त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळांचेही तसेच आहे. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तरीही प्रयोगशाळा या जागेची नोंदणी करून घेणारा कायदा राज्यात नसेल, तर त्या निर्णयाची तालुक्याच्या गावात तपासणी कोणी करायची, हा प्रश्न उरतोच.

बिनखाटांचा दवाखाना पूर्णपणे कायद्याबाहेर आहे, असे मात्र समजू नये. सोनोग्राफी यंत्र असेल तर गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली केंद्राची नोंदणी लागते. सुया, पट्ट्या, रक्ताने माखलेला कापूस यांच्या विल्हेवाटीला २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. डॉक्टरची व्यक्ती म्हणून नोंदणी आणि दवाखान्याची जागा म्हणून नोंदणी या दोन गोष्टीही निराळ्या आहेत. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यावर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी कायद्याने गुन्हा दाखल होऊ शकतो, मग त्याच्याकडे खाटा असोत वा नसोत. बोगस डॉक्टर पकडला अशा ज्या बातम्या नंदुरबारच्या दुर्गम भागातून येतात, त्या या कायद्याखालच्या असतात. त्यांचा शुश्रूषागृह नोंदणीशी संबंध नसतो.

आता केंद्रीय कायदा पाहू. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने हा राज्यांचा विषय आहे. म्हणून संसदेने २०१० चा कायदा अनुच्छेद २५२ खाली केला: काही राज्यांनी ठराव करून संसदेला तशी विनंती करायची, आणि बाकीच्यांना वाटल्यास त्यांनी नंतर ठरावाने तो स्वीकारायचा. १ मार्च २०१२ पासून तो अरुणाचल प्रदेश, हिमाचल प्रदेश, मिझोराम, सिक्कीम या चार राज्यांत आणि दिल्ली वगळून बाकीच्या केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, झारखंड अशा राज्यांनी तो स्वीकारला. महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ज्या राज्यांत आधीच स्वतःचे कायदे आहेत त्यांची यादी केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत दिली आहे, आणि त्या यादीत आपला १९४९ चा कायदा नावानिशी आहे.

या कायद्याचा आवाका मोठा आहे. खाटा असलेले रुग्णालय, एका डॉक्टरचा दवाखाना, प्रयोगशाळा, अ‍ॅलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी, सरकारी, खासगी, धर्मादाय, असे सगळे त्यात येते. वगळली आहेत ती सैन्यदलांची रुग्णालये. जिल्ह्याचे नोंदणी प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते. तातडीच्या अवस्थेत आलेल्या रुग्णाची प्रकृती, उपलब्ध साधने आणि कर्मचारी यांच्या मर्यादेत, स्थिर करण्याची जबाबदारी कलम १२ ने आस्थापनेवर टाकली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी सर्पदंशाचा रुग्ण दारात आल्यावर पुढे पाठवण्याआधी काय करायचे, हे लिखित कर्तव्य ठरणे ही फार मोठी गोष्ट आहे.

तरीही या कायद्याविषयी भाबडी अपेक्षा बाळगू नये. त्याखालची तात्पुरती नोंदणी अर्जानंतर १० दिवसांत, कोणतीही चौकशी न करता दिली जाते आणि ती एक वर्ष चालते. किमान मानकांची पूर्तता पाहून पाच वर्षांची कायम नोंदणी त्यानंतरची. म्हणजे भिंतीवरचे तात्पुरते प्रमाणपत्र दवाखाना कोठे आहे एवढेच सांगते, तो कसा आहे हे सांगत नाही. २०१२ च्या नियमांत केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करून दरांची मर्यादा ठरवावी असे म्हटले आहे. पण ते दर न ठरल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला त्याची आठवण करून द्यावी लागली. केंद्रीय कायदा आला की बिले कमी होतील, असे कोणी सांगत असेल तर ते या इतिहासाला धरून नाही.

मग महाराष्ट्राने तो जसाच्या तसा का घेतला नाही? विधानसभा आणि विधान परिषद यांच्या ठरावांनी तो लागू करता येईल, पण अनुच्छेद २५२ चीच एक अट आहे: असा स्वीकारलेला कायदा राज्याला स्वतः बदलता येत नाही, दुरुस्ती संसदच करू शकते. उलट स्वतःचे विधेयक मंजूर केले तर मानके, तक्रारीची रचना, दंड हे सारे राज्याच्या हाती राहते. पश्चिम बंगालने २०१७ मध्ये तसे केले आणि नुकसानभरपाई देऊ शकणारा आयोग नेमला. केरळने २०१८ मध्ये स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्रात २०१४ मध्ये मसुदा तयार झाला, त्यावर पुन्हा पुन्हा चर्चा झाली, पण त्याचा कायदा झाला नाही.

विरोधाचे मुख्य कारण डॉक्टरांच्या संघटनांनी वारंवार मांडले आहे. पाचोरा किंवा साक्रीसारख्या गावात डॉक्टर पती-पत्नी दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय चालवतात. प्रशिक्षित परिचारिका तेथे टिकत नाहीत. त्यांना मोठ्या शहरातल्या कॉर्पोरेट रुग्णालयाचीच मानके लावली, तर ती रुग्णालये बंद पडतील आणि रुग्णाला आणखी लांब जावे लागेल. हा आक्षेप मला खरा वाटतो. पण त्याचे उत्तर पातळीनुसार वेगळी मानके हे आहे, आणि केंद्रीय कायद्याखालच्या मानकांत रुग्णालयांच्या अशा पातळ्या केलेल्याही आहेत. लहान दवाखान्याला झेपेल असे मानक लिहिणे कठीण आहे. मानकच नको, असे म्हणणे मात्र पाड्यावरच्या रुग्णावर अन्याय करते.

खान्देशाला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर येथून ताप्तीकाठच्या रेल्वेने रुग्ण सुरतेला जातात; शिरपूरकडून सेंधवा-इंदूरचा रस्ता धरतात. सुरतेच्या रुग्णालयाला गुजरातचा २०२१ चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा लागू आहे, सेंधव्याच्या रुग्णालयाला मध्य प्रदेशचा १९७३ चा. एकाच कुटुंबाच्या एकाच आजारात दवाखाना, रुग्णालय आणि राज्य बदलले की लागू होणारा कायदाही बदलतो, आणि तक्रार त्या त्या राज्यातल्या प्राधिकरणाकडेच करावी लागते.

म्हणून आजच्या घडीला विचारायचे प्रश्न असे आहेत. महाराष्ट्रातल्या खाटा असलेल्या खासगी रुग्णालयात शुश्रूषागृह नोंदणीचा क्रमांक आणि त्याची मुदत विचारावी, दरपत्रक आणि हक्कांची सनद कोठे लावली आहे ते पाहावे, आणि नसेल तर महापालिका किंवा जिल्हा आरोग्य यंत्रणेकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. बिनखाटांच्या दवाखान्यात जागेच्या नोंदणीऐवजी डॉक्टरचा स्वतःचा नोंदणी क्रमांक आणि तो डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या कोणत्या परिषदेचा आहे हे विचारावे. प्रयोगशाळेत अहवालावरची सही कोणाची आहे हे पाहावे. आणि आमदार गावात आले की राज्याच्या प्रस्तावित कायद्यात बाह्यरुग्ण दवाखाने, प्रयोगशाळा आणि सरकारी आरोग्य केंद्रे येणार आहेत की नाहीत, हे त्यांना थेट विचारावे.